कोंबडीवालीचा आवाज

मला राग पटकन येतो, आणि आला की तो कुठेतरी टाकावा लागतो. आमच्या घरातल्या आधीच्या बायका तो भांड्यांवर काढायच्या, मी फोनवर काढायला लागले. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बाबांनी फोन घेऊन दिला आणि तेव्हापासून माझा दिवस कसा गेला हे घरच्यांच्या आधी इंटरनेटला कळायला लागलं. 'आजचा मूड: करपलेली भाकरी.' खाली खरोखरच करपलेल्या भाकरीचा फोटो. ती मीच करपवलेली असायची, पण ते लिहायची काय गरज? आमच्या गावाजवळ पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवार फिरायला येणारे लोक मला थांबवून 'इथे नेटवर्क कुठे येतं?' असं विचारायचे. अशा लोकांना मी सरळ टेकडी चढायला लावते, अशीही एक स्टोरी मी टाकली होती. खोटं नव्हतं ते. एकदा खरंच चढवलं होतं.

बघायला होतं कोण? दोन मावसबहिणी, कॉलेजातल्या चार मुली आणि मोहोपाड्याच्या कारखान्यात बाबांबरोबर कामाला असलेले एक काका. ते माझ्या प्रत्येक पोस्टवर जोडलेले हात टाकायचे. करपलेल्या भाकरीलाही नमस्कार! मी चिडायचे, मग त्याच्यावरही एक स्टोरी टाकायचे आणि काका त्यालाही नमस्कार करायचे.

हे असंच चाललं असतं. पण आमच्याकडे एक कोंबडी होती.

तांबूस रंगाची, मानेवरची पिसं उडालेली, आणि स्वभावाने अगदी माझ्यासारखी. म्हणजे सांगितलेलं ऐकायचं नाही. खायची आमच्याकडे, झोपायची आमच्या बांबूच्या डालग्याखाली आणि अंडं मात्र शेजारच्या काकूच्या लाकडांच्या ढिगात जाऊन घालायची. आई रोज सकाळी तिला मोरीजवळ गाठून जाब विचारायची. मी आत चहा पीत असायचे. एक दिवस मी खिडकीच्या गजांतून फोन बाहेर काढला आणि कोंबडीवर धरला. आई बाजूला उभी होती, ती दिसत नव्हती. नुसता आवाज येत होता.

"आल्या का बाईसाहेब फिरून? तांदूल कोनाचे खाल्ले? माजे. पानी कोनाचं प्यायलीस? माजं. आन् अंडं कुठं? तिकडं, लाकडात! लाज हाय का नाय गं तुला? मी काय कमी केलं व्हतं? सांग ना. आता मान वाकडी करून काय बगतेस?"

आणि शप्पथ सांगते, नेमकं तेव्हाच कोंबडीने मान वाकडी करून वर बघितलं.

मी ते माझं नाव नसलेल्या नव्या अकाउंटवर टाकलं, नाहीतर कारखान्यातले काका लगेच बाबांना सांगायचे, आणि कॉलेजला गेले. दुपारी डबा खाताना फोन उघडला तर लोक हसून हसून लोळत होते. मला ओळखतही नसलेले लोक! कुणी लिहिलं होतं, 'माझी आई सेम अशीच.' कुणी लिहिलं होतं, 'कोंबडीची बाजू पण ऐका.' माझ्या अख्ख्या आयुष्यातल्या रुसव्याफुगव्यांना मिळून जेवढे लोक आले नव्हते, तेवढे आईच्या एका ओरडण्याला एका दुपारी आले. मला काय कमी आनंद झाला? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीत. मग तिसऱ्या दिवशी. आई कोंबडीला बोलायची, गॅसच्या शेगडीला बोलायची, वालाच्या वेलांवर पडलेल्या माव्याला तर अशी बोलायची की तो बिचारा आपणहून निघून जावा. मी सगळं गोळा करत गेले. लोक तिला 'कोंबडीवाली' म्हणायला लागले.

आईला सांगितलं का? नाही सांगितलं. चेहरा कुठे दिसतोय, नुसता आवाज तर आहे, अशी माझी मी समजूत घालून घेतली होती. आणि खरं सांगायचं तर मला भीती होती की कळलं तर ती गप्प होईल आणि माझी गंमत बंद पडेल.

कळलं ते हळदीकुंकवाला.

दहिवलीत माझी एक मैत्रीण राहते. तिच्याकडे तीन पिढ्या शिकलेल्या, आजोबा वकील, आई शिक्षिका. तिने संक्रांतीनंतर आग्रह करून बोलावलं, "तुझ्या आईला पण घेऊन ये." आईने हिरवी साडी काढली. बाहेर जायचं असलं की आईची तीच साडी, तिच्या घड्याही ठरलेल्या. तिथे गेल्यावर आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून. बाहेर गेली की ती अशीच असते. 'हो', 'नको', 'बरं', एवढेच तीन शब्द बरोबर घेऊन निघायची. मला लहानपणापासून त्याचा राग यायचा. शाळेच्या पालकसभेलाही ती अशीच बसायची, बाकीच्यांच्या आया धडाधड बोलायच्या आणि माझी आई फळ्याकडे बघत राहायची.

पण त्या दिवशी एका लहान पोरीच्या हातून सरबताचा पेला कलंडायला लागला आणि आई स्वतःला विसरली. "अगं अगं अगं, सांडशील ना! आन् पाय घसरला कोनाचा, तर?"

बस्स. माझ्या वर्गातली एक मुलगी ताडकन उठली. "थांबा थांबा! हा आवाज! कोंबडीवाली! अगं तीच ही!" तिने फोन काढला, शोधला आणि मोठ्या आवाजात लावला. 'आल्या का बाईसाहेब फिरून?' सगळ्या बायका जमल्या. हसल्या. वाईट हेतूने हसल्या असं मी म्हणणार नाही, कौतुकच होतं त्यात. पण दिवाणखानाभर बायका हसत होत्या हे खरं.

आणि मी काय केलं? मी हात वर केला. "मीच टाकते ते! माझी आई आहे!" असं म्हणाले. वर्गात बक्षीस मिळाल्यासारखी उभी राहिले मी तिथे.

आईला आधी कळलंच नाही. तिने फोनकडे बघितलं, मग त्या बायकांकडे, मग माझ्याकडे. तिने आपला आवाज त्याआधी कधी असा बाहेरून ऐकला नव्हता. मग तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मैत्रिणीच्या आईला म्हणाली, "बरं. येते."

घरी येऊन हिरवी साडी तिने कपाटात अगदी तळाशी ठेवली. संध्याकाळी कोंबडी काकूच्या लाकडांतून डुलत डुलत आली. मी दारात उभी होते, आता काहीतरी बोलेल म्हणून. आईने डालगं उचललं, कोंबडीला आत सारलं आणि वरून दगड ठेवला. एक शब्द नाही. कोंबडीसुद्धा थोडा वेळ आतून चोच आपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. आमच्या घरात सकाळी आईच्या तोंडाने जाग यायची, ती बंद झाली. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं, मी दोन शब्द परत दिले असते आणि मोकळी झाले असते. पण ती चांगलं बोलायची. "जेवण वाढलंय. घ्या." मला 'घ्या'! माझ्या हातात फोन दिसला की तेवढंही नाही. मी फोन कपाटात ठेवून आले तरी ती आधी माझ्या हाताकडे बघायची आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायची.

बाबा पहिली पाळी करून चारच्या सुमारास यायचे. त्यांना दोन दिवस काही उमगलं नाही. मग दारातच म्हणाले, "काय गं, घरात कोन वारलंय काय?" कुणी हसलं नाही. त्यांनी चपला काढल्या आणि मुकाट आत गेले.

मी काकूकडे गेले. ही शेजारची काकू म्हणजे बाबांची चुलतवहिनी. जिच्या लाकडांच्या ढिगात अंडी सापडायची ती हीच. मी तिला म्हटलं, "एवढं काय झालं गं? लोक प्रेमानेच हसत होते ना."

काकू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू पाचवीत व्हतीस तवा तुजी आई शालंत गेलेली, म्हाईत हाय? पैल्यांदा. उभी राहून बाईंना बोलली, पोर माजी काय खात नाय वो, डबा तसाच आनते घरी. मागं बसलेल्या दोगी-तिगी हसल्या. आन् तिच्यासारखं बोलून दाखवलं एकीनं. ही खाली बसली ती बसलीच. तवापासून बाहेर तोंड उगडत नाय ती."

मला तो डबा आठवला. त्यातली मेथीची भाजी आठवली. मी ती परत आणायचे.

"घरात, शेतात तेवडी मोकली व्हती," काकू म्हणाली. "तिथं कोन हसनारं नव्हतं. ते पन तू नेलंस बाजारात."

मी तिथेच रडले. काकूने सूप बाजूला ठेवलं, पाठीवर हात फिरवला, आणि मग म्हणाली, "आता रडून काय? जा, निस्तर." काकू अशीच आहे.

निस्तरायचं कसं? घरी येऊन मी सगळे व्हिडिओ उडवले. एक ठेवला नाही. लोक विचारायला लागले, कोंबडीवाली कुठे गेली, तर मी अकाउंटच बंद करून टाकलं. आईसमोर जाऊन उभी राहिले. "आई, मी सगळं काढलं. चुकले मी. तुला विचारायला हवं होतं."

आई भाकरी थापत होती. "बरं," म्हणाली.

तिचा तो बाहेरचा 'बरं' होता, हळदीकुंकवातला. तो आता घरात येऊन बसला होता आणि त्याला हाकलायचं कसं हे मला कळत नव्हतं. मला खरोखर वाटायला लागलं की आता ही अशीच राहणार. आपण आईचं बोलणं संपवलं.

पंधरा दिवस गेले असतील. वालाच्या शेंगा भरल्या. भात कापून झालं की आमच्या खाचरांत कडवे वाल घालतात, आणि शेंगा भरल्या की पोपटी. मडक्याला आतून बांधावर उगवणाऱ्या भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी भरायची. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-गोवऱ्या रचून पेटवायचं. आमच्याकडे पोपटी म्हणजे आईचं राज्य. बाबांनी शेंगा आणायच्या, मी गोवऱ्या आणायच्या आणि आईने आम्हा दोघांना बोलायचं, अशी कामाची वाटणी.

या वर्षी बाबा म्हणाले, "लावू या का आज?" आई म्हणाली, "तुमी लावा. मी बसते."

मी म्हटलं, मी लावते. त्यात काय? जन्मापासून बघत आलेय. उन्हं उतरायच्या आत मी बांधावर जाऊन परडीभर पाला आणला. मग एक विचार मनात आला आणि आधी भीती वाटली. तरी मी आईजवळ गेले आणि विचारलं, "आई, फोन लावू का? तुझ्यावर नाय. माझ्यावर. कुठे टाकणार नाय, मलाच बघायचंय, जमतं का ते."

तिने खांदे उडवले. "तुजा फोन, तुजं तोंड."

बरंच लांबलचक बोलली म्हणायची! मी फोन दगडाला टेकवून उभा केला, मडक्यासमोर बसले आणि टीव्हीवरच्या बायका बोलतात तशी सुरू झाले. "तर मैत्रिणींनो, प्रथम आपण भांबुर्ड्याची ताजी, स्वच्छ पानं घ्यायची." बाबा गोवरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. आई पलीकडे बांधावर शेंगा निवडत बसली होती. मी मडक्याच्या तळाशी पाला अंथरला. वर शेंगांचा थर दिला, मीठ टाकलं. "आता पुन्हा पाला."

आईचा हात थांबला. मी डोळ्याच्या कडेने बघत होते. तिने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. शेंग हातातच राहिली. मी पाल्याचा दुसरा गुच्छ उचलला आणि म्हणाले, "याचा सुगंध शेंगांना अप्रतिम लागतो."

"अगं ए! सुगंद कसला डोंबलाचा!"

ती उठलीच. पदर खोचत तरातरा आली. "तो भांबुर्डा नाय गं बये! कोनता पाला उचलून आनलास? जनावरं पन तोंड लावत नाय त्याला! एवडी कालेजात जातेस, मैत्रिनींनो मैत्रिनींनो करतेस, घरातला पाला वलकता येत नाय? आमाला काय इख घालतेस? आन् तुमी वो? उबे राहून काय बगताय? पोरगी इख घालते आन् ह्ये गोवरी धरून उबे! जन्म गेला शेतात, तुमाला पन दिसलं नाय?"

बाबा म्हणाले, "मला वाटलं तिला म्हाईत असंल."

"तिला काय म्हाईत हाय? तिला करपवायचं म्हाईत हाय!"

मडकं उपडं करून तिने सगळं बाहेर काढलं. शेंगा वेगळ्या केल्या, माझा पाला लांब भिरकावला. तोंड चालूच. पंधरा दिवसांचं साचलेलं होतं, ते कोंबडीपासून निघालं, शेगडीवरून फिरलं आणि माझ्या केसांपर्यंत आलं. मग स्वतः बांधावर जाऊन मूठभर भांबुर्डा उपटून आणला, तळव्यावर चुरडला आणि माझ्या नाकावर दाबला. "घे. वास घे. डोल्यांनी नाय वलकायचा, नाकानं वलकायचा. कललं?"

उग्र, कडवट वास थेट डोक्यात गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या वासाने आलं असं मी तेव्हा बाबांना सांगितलं. इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं.

तिने मडकं पुन्हा भरलं, उपडं घातलं, बाबांनी जाळ केला. आणि मग माझं लक्ष गेलं. फोन दगडाला तसाच टेकलेला होता. चालू.

मी हळूच हात पुढे केला, तेवढ्यात आईनेही तिकडे बघितलं. बोलता बोलता थांबली. मी म्हटलं, "आई, देवाशप्पथ, मी विसरले होते. आत्ता उडवते. तुझ्यासमोर उडवते, बघ."

तिने हात साडीला पुसले. मग म्हणाली, "दाव आदी."

आम्ही दोघी बांधावर बसलो. मी लावलं. पडद्यावर मी मैत्रिणींनो म्हणत होते आणि मग डावीकडून आई आली, पदर खोचलेली, हात हवेत. ती एकटक बघत राहिली. 'तिला करपवायचं म्हाईत हाय' आलं तशी तिच्या ओठाची एक बाजू हलली. बाबांचं 'मला वाटलं तिला म्हाईत असंल' आलं आणि ती हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मी अशी बोलते?"

"अशीच बोलतेस."

"कोंबडीला पन?"

"कोंबडीला जरा जास्त."

"परत लाव."

मी परत लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच अंगठ्याने लावलं. बाबांनी मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, ते चर्र करून उडून गेले, म्हणजे पोपटी झाली होती. पण ती काढायला कुणी उठलं नाही. मी विचारलं. टाकण्याआधी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. "आई, हे टाकू का? नाय म्हणालीस तर नाय. माझ्याच फोनात राहील."

तिने पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"नको," म्हणाली. "ह्ये नको. ही साडी बग, मलकी. केस बग. उद्या परत करू. ती हिरवी काढते." फोन माझ्या हातात देऊन ती पोपटी काढायला उठली, दोन पावलं गेली आणि वळली. "आन् पाला चुकीचाच आन. नायतर मी वराडू कशाला?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी बांधावर गेले. तो चुकीचा पाला शोधायला मला अर्धा तास लागला.